दोन राज्यांत दोन घरं असली तर शिकारीचं रेसिडेंट लायसन कुठलं घ्यायचं?

पोकोनोकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि त्यातले दोनतीन जण तरी शिकार करतात हे मागे फिशिंगच्या धाग्यावर कळलं होतं, म्हणून विचारतो.

आमचं घर न्यू जर्सीत एडिसनला, गेली २२ वर्षं. काही वर्षांपूर्वी पेनसिल्वेनियात पोकोनोजमध्ये, पाइक काउंटीत, चार एकर जंगलासकट एक छोटं घर घेतलं. आधी फक्त वीकेंडला जायचो, मग कोविडमध्ये सलग चार महिने तिथेच राहिलो आणि शेजारच्या एका आजोबांनी मला हरणाच्या शिकारीची गोडी लावली. रीतसर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, ट्री स्टँडवर, म्हणजे झाडाला लावलेल्या शिडीच्या मचाणावर, बसायला शिकलो, पहिली दोन वर्षं काही मिळालं नाही, तिसऱ्या वर्षी एक मादी मिळाली आणि ते मांस आम्ही वर्षभर पुरवून खाल्लं. न्यू जर्सीत हरणासाठी नेहमीची रायफल चालत नाही, शॉटगन किंवा मझललोडर म्हणजे ठासणीची बंदूक लागते. पेनसिल्वेनियात रायफल चालते आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तो सीझन उघडतो, त्या शनिवारची मी वर्षभर वाट बघतो हे खरं सांगतो.

आमचे आजोबा संगमेश्वर तालुक्यातले, त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, भातात रानडुकरं शिरली की रात्री बार काढायचे. मी लहानपणी ती फक्त भिंतीवर टांगलेली बघितली. त्यामुळे हे सगळं मला अगदी परकं वाटत नाही.

आता प्रश्न. पेनसिल्वेनियाचं रेसिडेंट लायसन २०.९७ डॉलर, बाहेरच्याला १०१.९७. मादी मारायचा वेगळा परवाना, म्हणजे टॅग, ६.९७ आणि बाहेरच्याला २६.९७. मी दोन्हीकडे प्रॉपर्टी टॅक्स भरतो, दोन्हीकडे विजेचं बिल माझ्या नावावर, आणि आता वर्क फ्रॉम होममुळे वर्षातले जवळजवळ पाच महिने तिकडेच असतो. एका दुकानात लायसन काढायला गेलो तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला घर आहे ना इथे, मग रेसिडेंट घ्या की. मी घेतलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात आहे. दोन्ही राज्यांत रेसिडेंट लायसन घेता येतं का? आणि नसेल तर कुठलं एक आपलं हे ठरवतं कोण?

तळ्याकाठी

थोडक्यात सांगायचं तर नाही, आणि बरं झालं तुम्ही घेतलं नाहीत.

मी मॅडिसनला, विस्कॉन्सिनमध्ये. इथल्या कायद्यात हे इतकं सरळ लिहिलंय की दुसरा अर्थ काढायला जागाच नाही. रेसिडेंट म्हणजे ज्याचं कायमचं राहतं घर अर्ज करायच्या आधी सलग ३० दिवस इथे आहे तो, आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की नुसती मालमत्ता असणं हा इथे राहायच्या इराद्याचा पुरावा धरला जाणार नाही. पुरावा कशाला म्हणायचं तेही दिलंय, तुम्ही मत कुठे देता, इन्कम टॅक्स कुठे भरता, ड्रायव्हिंग लायसन कुठलं आहे. हे कलम कुणासाठी लिहिलंय ते इथे राहणाऱ्या प्रत्येकाला कळतं. उत्तरेकडे तळ्यांच्या काठी जी हजारो केबिन आहेत त्यातल्या कितीतरी शिकागोकडच्या लोकांच्या आहेत.

माझ्या ओळखीतल्या एकांचं सांगते, आपल्यातलेच आहेत म्हणून नाव गाव काही नाही. राहायला इलिनॉय, केबिन आमच्याकडे. दोन वर्षं २४ डॉलरचं रेसिडेंट डियर लायसन घेतलं, त्यांना मनापासून वाटत होतं की आपण टॅक्स भरतो म्हणजे आपण पण इथलेच. तिसऱ्या वर्षी जंगलाच्या रस्त्यावर वॉर्डनने साधी तपासणी केली, बंदुकीचं सगळं बरोबर, ऑरेंज जॅकेट बरोबर, टॅग बरोबर, पण ड्रायव्हिंग लायसन इलिनॉयचं आणि शिकारीचं लायसन विस्कॉन्सिन रेसिडेंट. दंड झाला, हरीण जप्त झालं आणि तीन वर्षं शिकार बंद. पैशापेक्षा त्यांना मुलासमोर ते झालं याचं जास्त वाईट वाटलं.

बिटररूट

तळ्याकाठी यांनी सांगितलंय त्यात मोंटानाची भर घालतो कारण इथे नियम आणखी कडक आहेत आणि पैशाचा फरकही मोठा.

आम्ही ह्यूस्टनहून इकडे आलो. मोंटानात रेसिडेंट व्हायला आधी सलग १८० दिवस इथे प्रत्यक्ष राहावं लागतं. मग गाड्या इथे रजिस्टर, मतदार असाल तर मतदान इथे, राज्याचा इन्कम टॅक्स भरावा लागत असेल तर तो रेसिडेंट म्हणून. आणि एकदा रेसिडेंट झालात की सुटलात असं नाही, दरवर्षी किमान १२० दिवस तुमचं मुख्य घर म्हणून इथे राहायला हवं, ते सलग नसले तरी चालतात. शिवाय दुसऱ्या कुठल्याही राज्यात कुठल्याही कारणासाठी तुम्ही स्वतःला रहिवासी म्हणवत असाल तर इथे तुम्ही रहिवासी नाही. कुठल्याही कारणासाठी हे शब्द नीट वाचा. आणि बाहेर राहून इथे फक्त प्रॉपर्टी टॅक्स भरणारा माणूस रेसिडेंट नाही हे तर वेगळं लिहून ठेवलंय.

आमची चूक इथेच होणार होती. १८० दिवस मोजून झाले, गाडी झाली, ड्रायव्हिंग लायसन झालं, आणि मी एल्कचं, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचं, लायसन काढायला निघालो. बायकोने विचारलं, अरे ह्यूस्टनच्या घराचं होमस्टेड एक्झेम्प्शन काढलंस का? नव्हतं काढलं. म्हणजे टेक्सासच्या कागदावर मी अजून सांगत होतो की माझं मुख्य घर तिकडे आहे, आणि टॅक्सची सवलत घेत होतो. ते आधी रद्द केलं आणि त्या सीझनला मी गेलोच नाही, पुढच्या वर्षी लायसन घेतलं. रेसिडेंटला एल्कचं लायसन २० डॉलर आहे आणि बाहेरच्याला कॉम्बिनेशन, म्हणजे एकत्रित लायसन, हजाराच्या वर जातं, त्यामुळे मोह होतो हे मी समजू शकतो, मलाही झाला होता.

सातबारा

मला हे सगळं पटत नाही, रागावू नका.

मी कनेटिकटला राहतो, न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिलमध्ये घर आणि १७ एकर जागा आहे. तिथला प्रॉपर्टी टॅक्स भरतो, स्कूल टॅक्स भरतो आणि माझी मुलं तिथल्या शाळेत एक दिवसही गेलेली नाहीत. दर उन्हाळ्यात पडलेली झाडं काढतो, ओढ्याचा काठ बांधून घेतला, हरणांसाठी सफरचंदाची झाडं लावली, ती सगळी माझ्या खर्चाने. आणि लायसन घ्यायला गेलं की मी बाहेरचा, १०० डॉलर द्या. माझ्या जमिनीला लागून भाड्याच्या घरात गेल्या वर्षी राहायला आलेला मुलगा रेसिडेंट, त्याला २२ डॉलर. न्यूयॉर्कवाले तर साफ लिहितात की जमीन असली म्हणून तुम्ही रेसिडेंट होत नाही. कायदा आहे तर पाळतो, दरवर्षी १०० डॉलर भरतो, पण हे न्याय्य आहे असं मला कुणी पटवून द्या.

बिटररूट

सातबारा, रागावायचं काही नाही, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय आणि तो आमच्याच मोंटानातून गेला होता. बाल्डविन विरुद्ध मोंटाना फिश अँड गेम कमिशन, निकाल १९७८. त्या वेळी इथल्या माणसाला नुसत्या एल्कचं लायसन ९ डॉलरला मिळायचं आणि बाहेरच्याला एल्क मारायचा तर २२५ डॉलरचं कॉम्बिनेशनच घ्यावं लागायचं, म्हणजे २५ पट. बाहेरच्या शिकाऱ्यांचं म्हणणं होतं की एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात सारखे हक्क मिळाले पाहिजेत असं घटनेत आहे. कोर्ट म्हणालं पोट भरण्याचा धंदा वगैरे असेल तर ठीक, पण हौसेची शिकार हा त्या प्रकारचा मूलभूत हक्क नाही, राज्य फरक करू शकतं. पुढे २००५ मध्ये काँग्रेसनेही कायदा करून राज्यांचा हा अधिकार पक्का केला.

आणि न्यायाचं म्हणाल तर मला असं वाटतं, तुमच्या आयडीवरूनच सांगतो. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे म्हणजे जमीन तुमची. पण त्या जमिनीवरून चाललेलं हरीण तुमचं नाही, ते राज्यातल्या सगळ्या लोकांच्या वतीने राज्याने सांभाळलेलं आहे. इथली सगळी व्यवस्था याच कल्पनेवर उभी आहे. तो भाड्याने राहणारा मुलगा जानेवारीत बर्फातून गाडी काढतो, त्याच्या गाडीसमोर हरीण येतं, त्याचा राज्याचा इन्कम टॅक्स तिथे जातो, तो तिथे मत देतो. आपल्याकडेही मुंबईकराचं गावात घर आणि जमीन असते, म्हणून ग्रामपंचायतीला मत द्यायला तो पात्र होत नाही, त्याचं नाव मुंबईच्या यादीत असतं.

सातबारा

हरणाचा मुद्दा मान्य, असा विचार केला नव्हता. पण मोठ्या जमिनीवाल्यांना काहीतरी सवलत द्यावी असं मला अजून वाटतं.

तळ्याकाठी

काही राज्यं देतात हो. मिझुरीत बाहेरच्या राज्यातल्या माणसाकडे ७५ एकर किंवा जास्त जमीन असली तर त्याला कमी दरात परमिट मिळतं. कॅन्ससमध्ये ८० एकरवाल्यांना हरणाच्या परमिटची वेगळी सोय आहे. पण त्यातही तुम्ही रेसिडेंट होत नाही, जमीनवाले म्हणून मिळतं. १७ एकरात नाही बसणार, सॉरी.

ताळेबंद

मी टॅक्सचं काम करतो, शिकार करत नाही, पण हा प्रश्न माझ्याकडे वेगळ्या रूपात दर फेब्रुवारी मार्चमध्ये येतो म्हणून लिहितो.

लोक तीन गोष्टी एकात मिसळतात. पहिली १८३ दिवसांची. इन्कम टॅक्ससाठी तुम्ही एका राज्यात डोमिसाइल, म्हणजे कायमचे रहिवासी, असाल आणि दुसऱ्या राज्यात घर ठेवून १८३ पेक्षा जास्त दिवस राहिलात तर ते दुसरं राज्यही तुम्हाला रेसिडेंट धरू शकतं, म्हणजे टॅक्ससाठी एकाच वर्षी दोन राज्यांचे रेसिडेंट होणं शक्य आहे आणि ते महागात पडतं. दुसरी गोष्ट डोमिसाइल. ते एकच असतं. इथला डोमिसाइल म्हणजे आपल्या महाराष्ट्रातला १५ वर्षांचा दाखला नव्हे, इथे वर्षं मोजत नाहीत, तुमचं आयुष्य कुठे आहे आणि परत कुठे जायचा इरादा आहे ते बघतात. शिकारीची लायसन्स जवळजवळ सगळीकडे या दुसऱ्या गोष्टीवर चालतात आणि वर किमान दिवसांची अट असते. पेनसिल्वेनियात ३० दिवस आहेत, न्यूयॉर्कलाही ३०, न्यू जर्सीत सहा महिने, कोलोरॅडोत सहा महिने, वायोमिंगला पूर्ण वर्ष, अलास्काला १२ महिने. पण पेनसिल्वेनियाचे ३० दिवस वाचून कुणी असं समजू नका की ३० दिवस सुट्टीला राहिलं की झालं. डोमिसाइल हलवून ३० दिवस, असं ते आहे.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि पोकोनोकर, इथे तुमच्याकडे लक्ष देऊन बघा. न्यू जर्सीत तुम्ही अँकर नावाच्या योजनेतून प्रॉपर्टी टॅक्सचा परतावा घेता का? घेत असाल तर तुम्ही सही करून सांगितलंय की एडिसनचं घर हे तुमचं मुख्य घर आहे. गाडीचा इन्शुरन्स कुठल्या पत्त्यावर आहे? मतदार यादी? न्यू जर्सीचं रिटर्न रेसिडेंट म्हणून भरता? हे सगळं एडिसन म्हणत असेल आणि फक्त शिकारीचं लायसन पोकोनोज म्हणत असेल तर खोटं कुठलं ते कुणालाही दिसेल.

नवं_पाखरू

छान चर्चा चाललीय. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी एच वन बीवर आहे, ऑस्टिनला, अजून ग्रीन कार्ड नाही. मला बंदूकच घेता येत नाही असं सगळे म्हणतात, मग रेसिडेंट लायसन वगैरेचा विचार करण्यात अर्थ आहे का? आणि रेसिडेंट व्हायला सिटिझन असावं लागतं का?

बिटररूट

सिटिझन असण्याचा आणि राज्याचा रेसिडेंट असण्याचा संबंध नाही, टेक्सासला सहा महिने सलग राहिलं आणि त्याचे पुरावे असले की शिकारीच्या लायसनपुरते तुम्ही रेसिडेंट.

बंदुकीचं म्हणाल तर फेडरल कायद्यात एच वन बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला बंदी आहे हे खरं, पण त्यात अपवाद आहे आणि तो नेमका हाच, तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन असेल तर बंदी लागू होत नाही. म्हणजे तुमच्यासाठी लायसन हा नुसता शिकारीचा कागद नाही, बंदूक जवळ ठेवायचा आधारच तो आहे. ते एक्स्पायर झालं आणि बंदूक घरात राहिली तर तुम्ही गंभीर अडचणीत, इमिग्रेशनच्या दृष्टीनेही. तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि काहीही विकत घ्यायच्या आधी एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलाच, इथल्या माझ्या शब्दावर जाऊ नका.

अजून एक, दोन घरंवाल्यांसाठी. बंदूक विकत घेताना फेडरल नियम उलटा आहे. तिथे दोन राज्यांत घरं असतील तर ज्या काळात तुम्ही ज्या घरी राहताय त्या काळात तुम्ही त्या राज्याचे रहिवासी धरले जाता. त्यामुळे पोकोनोकर पोकोनोजला राहत असताना तिथे बंदूक खरेदीला रहिवासी असू शकतात आणि त्याच दिवशी शिकारीच्या लायसनला नाहीत. मला वाटतं त्या काउंटरवरच्या मुलाचा गोंधळ इथेच झाला असेल.

भेकर

मी इथे फक्त वाचायला आले होते, पण विचारते, आपण शिकारीवर इतक्या सहज बोलतोय हे कुणाला खटकत नाही का? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंद केलं ते विचार करूनच ना.

पोकोनोकर

भेकर, प्रश्न रास्त आहे. मलाही सुरुवातीला खटकलं होतं. आपल्याकडे जंगल आणि जनावरं इतकी कमी उरली होती की तो कायदा हवाच होता आणि अजूनही हवा. इथे हरणांची संख्या भरपूर आहे, लांडगे आणि मोठी मांसाहारी जनावरं बहुतेक भागातून कधीच गेली. हरणं वाढली की जंगलात लहान रोपं उरत नाहीत, माझ्या चार एकरात ओकची कोवळी झाडं जाळीशिवाय वाढतच नाहीत. किती मारायची हे राज्य दरवर्षी ठरवतं. आणि लायसनचा पैसा, शिवाय १९३७ च्या पिटमन रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर जो १० ते ११ टक्के कर लागतो तो, या दोन्हीतून वन्यजीवांचं काम चालतं. तो फेडरल पैसा राज्यांना वाटताना राज्यात लायसनवाले किती हेही बघतात. म्हणून मला खोटं लायसन घ्यायचं नाहीये, त्या कामातला माझा वाटा बरोबर जावा.

तळ्याकाठी

यात आणखी एक सांगायचं राहिलं. चुकीच्या लायसनवर मारलेलं हरीण तुम्ही गाडीत घालून राज्याची हद्द ओलांडलीत की ते फक्त त्या राज्याचं प्रकरण राहत नाही. १९०० चा लेसी ॲक्ट आहे, राज्याचा नियम मोडून मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेणं हा फेडरल गुन्हा. पोकोनोजहून एडिसनला मांस घेऊन जाणार म्हणजे डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडलात की झालं. शिवाय जवळजवळ सगळी राज्यं एका आपसातल्या करारात आहेत, तो १९८९ मध्ये कोलोरॅडो, नेवाडा आणि ओरेगनने सुरू केला. एका राज्यात लायसन रद्द झालं की बाकीच्या राज्यांतही शिकार बंद.

लायसन बरोबर असलं तरी पेनसिल्वेनियातून हरीण नेताना हाडं काढून मांसच न्या, डोकं आणि मणका नेऊ नका, सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या रोगामुळे त्याचे वेगळे नियम आहेत.

ताळेबंद

पोकोनोकर, तुमच्या मिसेस कुठे असतात बहुतेक वेळ? नवराबायकोचं डोमिसाइल वेगळं असू शकतं, पण एकत्र रिटर्न भरत असाल आणि त्या पूर्ण वर्ष एडिसनला असतील तर तुमचं एकट्याचं पोकोनोज आहे हे दाखवणं अवघड जाईल.

पोकोनोकर

सगळ्यांचे मनापासून आभार, आठ दिवस रोज धागा वाचतोय.

ताळेबंद, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. बायको एडिसनजवळच्या शाळेत शिकवते, तिची अजून दोन वर्षं आहेत. अँकरचा परतावा आम्ही घेतो. मत एडिसनला, ड्रायव्हिंग लायसन न्यू जर्सीचं, रिटर्न न्यू जर्सीचं. काल रात्री दोघांनी बसून सगळे कागद टेबलावर काढले आणि पोकोनोजच्या बाजूला एक विजेचं बिल आणि टॅक्सची पावती सोडून काहीच पडलं नाही. म्हणजे मी न्यू जर्सीचाच आहे. न्यू जर्सीचं रेसिडेंट २७.५० ला आणि पेनसिल्वेनियाचं नॉनरेसिडेंट १०१.९७ ला, दोन्ही घेतली. पेनसिल्वेनियाच्या रेसिडेंट लायसनशी फरक ८१ डॉलरचा होता. मादीचा टॅग आधी तिथल्या रहिवाशांना विकतात आणि मग काही दिवसांनी आम्हाला, तेव्हा माझ्या भागातले उरतील का ही धाकधूक होती, पण मिळाला.

बायको रिटायर झाली की एडिसनचं घर मुलाला द्यायचं आणि खरंच तिकडे जायचं असं ठरतंय. तेव्हा ड्रायव्हिंग लायसन, मतदान, गाड्या सगळं एकदम हलवू, मग ३० दिवस मोजू. मी तोपर्यंत ६५ पूर्ण होईन, तेव्हा सीनियर लाइफटाइम, म्हणजे ज्येष्ठांचं आयुष्यभराचं लायसन, ५१.९७ ला मिळतं असं शेजारच्या आजोबांनी सांगितलं, त्यांच्याकडे ते आहे. त्यांनी फोनवर हेही सांगितलं की माझ्या स्टँडच्या शिडीची वरून तिसरी पायरी सैल झालीय, वर चढायच्या आधी बघ. शनिवारी सकाळी पाना आणि नवे बोल्ट घेऊन निघतोय.